गावाबाहेर पालं पडली की एवढं करा

दिवाळी सरली की गावाबाहेरच्या माळावर, ओढ्याकाठी, नाहीतर बसथांब्यामागच्या पडीक जागेत पालं पडतात. कुणी घिसाडी असतात, विळे-खुरपी घडवून देतात. कुणी वडार, कुणी वैदू, कुणी डोंबारी, कुणी नंदीवाले, कुणी डवरी गोसावी, कुणी पारधी. काहीजण आठ-पंधरा दिवस राहून पुढच्या गावाला जातात. काही कुटुंबं मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच माळावर आहेत, तरी गावाच्या लेखी ती अजून बाहेरचीच.

हे आवाहन त्या पालांतल्या माणसांना नाही. ते तुम्हाला आहे, गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी पक्क्या घरात राहणाऱ्यांना.

या समाजांसाठी झटणाऱ्या संस्था महाराष्ट्रात आहेत. तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला भटक्या-विमुक्तांच्या मुलांची निवासी शाळा आहे. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ आश्रमशाळा काढली. ते स्वतः फासेपारधी, आणि आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. चिंचवडला गिरीश प्रभुणे यांचं गुरुकुल आहे. ही मोठी कामं आहेत. पण संस्था मुलाला शिकवू शकते, जेवू घालू शकते, वसतिगृहात ठेवू शकते. त्याच्या आईबापाला गावातला नळ कोण वापरू देणार? दाखल्यासाठी जबाब कोण देणार? चोरी झाली की पोलिसांना काय सांगितलं जाणार? शिकून आलेल्या मुलाला भाड्यानं खोली कोण देणार? हे संस्थेच्या हातात नाही. हे तुमच्या हातात आहे.

म्हणून काही गोष्टी सांगतो. त्यातल्या बऱ्याचशा करायला पैसे लागत नाहीत.

आधी एक गोष्ट माहीत असू द्या. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. अमुक जमातीत जन्मला म्हणून माणूस गुन्हेगार, असा तो कायदा. चोरी केली की नाही, हा प्रश्नच नव्हता. नावं नोंदवायची, हजेरी द्यायची, गावाबाहेर पाऊल टाकायचं तर परवाना घ्यायचा. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही आला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तिथल्या माणसांनी गिरण्यांत राबायचं आणि परत कुंपणात यायचं. हा कायदा साऱ्या देशातून गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून त्या तारखेला हे लोक विमुक्त दिन पाळतात.

कायदा गेला, पण आपल्या बोलण्यातून तो गेलेला नाही. गावात कोंबडी हरवली तरी नजर पालाकडे वळते.

आता पहिलं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. मोबाईलवर आलेला मेसेज पुढे ढकलू नका.

राईनपाड्याचं तुम्ही ऐकलं असेल. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं हे गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. भिक्षा मागणं हा त्यांचा पिढीजात रिवाज. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज घरोघरी पोचले होते. कुणाला तरी संशय आला. गर्दी जमली. त्या पाच जणांना मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथेच त्यांचा जीव घेतला. त्यांनी कुणाचं मूल पळवलं नव्हतं.

त्या गर्दीतली माणसं तुमच्या-आमच्यासारखी बाजाराला आलेली होती. बहुतेकांच्या घरी लेकरं होती. लेकरांच्या काळजीनंच ती भडकली. म्हणून ‘आमच्या गावात असं होणार नाही’ असं समजू नका. जिथे परक्याची ओळख नसते, तिथे एक मेसेज पुरतो.

असा मेसेज आला तर तो कुणालाही पाठवू नका. ज्यानं पाठवला त्याला विचारा, तू स्वतः पाहिलंस का? गावाच्या ग्रुपवर पोलीस पाटलांना विचारा. खरंच संशय वाटला तर ११२ ला फोन करा. गर्दी जमू लागली असेल तर त्याच क्षणी फोन करा, मारहाण सुरू व्हायची वाट पाहू नका. दोन-चार वडीलधारी माणसं पुढे होऊन उभी राहिली तर हात उगारणारे थबकतात. मोबाईलवर चित्रण करत उभं राहणं म्हणजे गर्दीत सामील होणं. घरातल्या तरण्या पोरांना हे आधीच सांगून ठेवा. त्या वेळी सांगायला सवड मिळत नाही.

यावर एक सोपा उपाय आहे. पालं पडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिवसाउजेडी तिथे जा. घरातल्या बाईला बरोबर न्या. कुठून आलात, कोण कोण आहात, लेकरं किती, पाणी कुठून आणता, एवढं विचारा. आपलं नाव सांगा. पोलीस पाटलांचा आणि आशाताईंचा नंबर देऊन या. चौकशीला आल्यासारखं बोलू नका, पाहुण्याशी बोलावं तसं बोला. ‘अरे-तुरे’ करू नका. तुमच्या वयाचा माणूस आहे, त्याला ‘अहो’ म्हणा. ज्याचं नाव गावातल्या चार घरांना माहीत आहे, त्याच्यावर गर्दी सहसा धावून जात नाही.

आता कागदांचं सांगतो. इथे जरा सावकाश वाचा, कारण पुष्कळांचं आयुष्य इथेच अडतं.

विमुक्त जाती किंवा भटक्या जमातीचा दाखला काढायचा तर महाराष्ट्रात २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधी आपलं कुटुंब या राज्यात राहत होतं, हे दाखवावं लागतं. फासेपारधी अनुसूचित जमातीत मोडतात. त्यांच्यासाठी ही तारीख ६ सप्टेंबर १९५० आहे. आता तुम्हीच विचार करा. ज्याचा आजा गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरला, शाळेत गेला नाही, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्याचा नातू त्या सालाचा कागद आणणार कुठून? आणि दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही, घरकुल नाही. ज्यांच्यासाठी सवलत केली, त्यांच्याच हातात ती पडत नाही.

इथे गावातली जुनी माणसं फार उपयोगी पडतात. शाळेचं जुनं रजिस्टर, जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, कोतवाल बुक यांत त्या कुटुंबातल्या कुणाचं नाव सापडतं का ते पाहायला मदत करा. तलाठी किंवा मंडळ अधिकारी गृहचौकशीला आले तर घरात बसून राहू नका. ‘यांचा आजा इथे येत होता, मी लहानपणी पाहिलंय’ असं तुम्हाला खरंच ठाऊक असेल तर तसा जबाब द्या, सही करा. खोटं काही सांगायचं नाही. खरं सांगायलाही माणसं कचरतात, म्हणून म्हणतो.

मतदार यादीत नाव घालायला पक्कं घर लागत नाही. बेघर माणूस रात्री जिथे झोपतो तिथे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं जाऊन खात्री करायची असते. घराचा कागद मागून परत पाठवत असतील तर तुम्ही बरोबर जा. तुम्ही शेजारी उभे राहिलात की खिडकीतला सूर बदलतो. हे बरं नाही, पण खरं आहे.

पालात बाळ जन्मलं तर आशाताईंना लगेच सांगा. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत सहज होते, पैसे पडत नाहीत. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि रोजावर जगणारं कुटुंब त्या फेऱ्या मारू शकत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर पुढे शाळा, आधार, मतदार यादी सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जाणार आहे. एकवीस दिवसांतला तुमचा एक फोन त्या लेकराला आयुष्यभर पुरतो.

शाळेबद्दल. सहा ते चौदा वर्षांच्या कुठल्याही मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी प्रवेश थांबवता येत नाही. दहा वर्षांचं मूल कधीच शाळेत गेलं नसेल तर त्याला पहिलीत नाही, वयाला योग्य अशा वर्गात घ्यायचं आणि मागे राहिलेलं वेगळं शिकवायचं, असं कायदा सांगतो. कुटुंब हंगामासाठी हलणार असेल तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवलं की पुढच्या गावातल्या शाळेनं मुलाला बसवून घ्यायचं असतं. शाळा व्यवस्थापन समितीत तुम्ही असाल तर हे पालांपर्यंत पोचवणं तुमचंच काम आहे.

गुरुजींना आणि बाईंना माझी एक विनंती आहे. पहिल्या प्रवेशाच्या वेळी रजिस्टरमध्ये जात लिहिताना घाई करू नका. नुसतं ‘गोसावी’ लिहू नका, ‘नाथपंथी डवरी गोसावी’ असेल तर तसं पूर्ण लिहा. ‘पारधी’ म्हणून थांबू नका. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात आणि राजपारधी, पालपारधी विमुक्त जातींत. एका शब्दानं यादी बदलते. बारावीनंतर जात पडताळणीत तो अपुरा शब्द आडवा येतो, आणि शाळा सोडल्यावर नोंद दुरुस्त करणं फार अवघड जातं. आईबाप शिकलेले नाहीत, त्यांना हे उमगणार नाही. लेखणी तुमच्या हातात आहे.

आणि गावातल्या आईबापांनो, तुमच्या मुलांशी बोला. वर्गात कुणाची कंपासपेटी हरवते. बाई विचारतात, कुणी घेतली? आणि पस्तीस माना एकाच मुलीकडे वळतात. ती काही बोलत नाही. दप्तर उलटं करून दाखवते. त्यात एक वही असते, अर्धी पेन्सिल असते आणि फडक्यात बांधलेली भाकरी. पेटी दुसऱ्याच बाकाखाली सापडते. तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी येत नाही, आणि शाळेच्या कागदावर ‘सततची गैरहजेरी’ एवढंच लिहिलं जातं. ती मान वळवायला तुमच्या मुलाला कुणी शिकवलं? शाळेनं नाही. तो घरातच शिकला, आपल्याच बोलण्यातून. ‘काय पारध्यासारखा राहतोस’, ‘वडाऱ्यासारखं ओरडू नको’, ‘कैकाडणीसारखी भांडतेस’ असं घरात कुणी म्हणत असेल तर आजपासून थांबवा. आजी म्हणत असतील तर आजींनाही सांगा, मानानं सांगा, पण सांगा.

चोरी झाली तर काय करायचं?

तक्रार जरूर द्या. पण जे पाहिलं तेच लिहून द्या. चोर दिसला नसेल तर ‘अज्ञात इसम’ असंच सांगा. ‘पालावरच्यांवर संशय आहे’ हे वाक्य नुसत्या अंदाजानं घालू नका. त्या एका वाक्यानं रात्री पालांवर गाडी येते, कर्ती माणसं उचलली जातात, बाया लेकरं घेऊन ठाण्याच्या दारात बसतात. चार दिवसांनी ती सुटून आली की ते कुटुंब माळ सोडून जातं, आणि संस्थेनं खटपट करून शाळेत घातलेलं मूलही त्याच्याबरोबर जातं. तुमचा माल तर परत येतच नाही, कारण खरा चोर तोवर लांब गेलेला असतो.

सर्वोच्च न्यायालयानं ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगात जातीवरून कामं वाटणारे नियम त्या निकालानं रद्द केले. विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होता कामा नये, असंही पोलिसांना बजावलं. हे तुमच्या गावातल्या पालांना माहीत नसेल, तुम्ही सांगा. अटक झाली तर नातेवाइकांना कळवावं लागतं, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. सूर्य मावळल्यावर बाईला अटक करायची तर दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे. तो मोठ्या अक्षरात लिहून द्या, वाचता येणारं एखादं पोर पालावर असतंच.

अनुसूचित जाती-जमातींना अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण आहे. फासेपारध्यांना ते मिळतं. पण वडार, डवरी गोसावी, विदर्भाबाहेरचे कैकाडी अशा समाजांना आपल्या राज्यात ते मिळत नाही, कारण ते त्या याद्यांत नाहीत. त्यांना मारलं, हुसकावलं, तर साध्या कलमांवरच भागवावं लागतं. म्हणून साक्षीदार लागतो. तुम्ही पाहिलं असेल तर साक्ष द्या.

आता देणगीचं बोलू. तुम्हाला द्यावंसं वाटतं, ही चांगली गोष्ट आहे. पण बघून द्या.

संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आहे का, ते विचारा. पावती घ्या. मुलं राहत असतील तर बालगृहाची नोंदणी किंवा आश्रमशाळेची मान्यता आहे का, ते विचारा. नसेल तर थांबा. मुलांची जबाबदारी अशीच कुणाच्याही हाती सोडायची नसते. एकदा जाऊन या. स्वयंपाकघर बघा, संडास बघा, मुली कुठे झोपतात आणि रात्री त्यांच्याजवळ कोण बाई असते ते विचारा. दहावीनंतर मुलांचं काय होतं, हे विचारा. आणि संस्थेत त्या समाजाची माणसं नुसती लाभ घेणारी आहेत की कामाला, निर्णयालाही आहेत, हे बघा. माझ्या मते हीच खरी कसोटी. बाकी सगळं बरोबर असून हे नसेल तर काही वर्षांनी ती संस्था त्या समाजाची राहत नाही.

जुने कपडे पोतंभर नेऊन टाकण्यापेक्षा दरमहा थोडे पैसे द्या. संस्थेला महिन्याचा किराणा भरायचा असतो. वाढदिवसाला केक घेऊन जाऊन मुलांना रांगेत उभं करून फोटो काढू नका. ते फोटो वर्षानुवर्षं फिरतात. मोठं झाल्यावर कॉलेजातल्या मित्रानं आपला तो फोटो बघावा, हे कुणाला आवडेल?

पैशापेक्षाही एक मोठी गोष्ट तुमच्याकडे आहे, ती म्हणजे तुमच्या घराची वरची खोली. आश्रमशाळेतून बारावी झालेला मुलगा तालुक्याला, जिल्ह्याला शिकायला येतो. खोली बघायला जातो. आडनाव विचारलं जातं, गाव विचारलं जातं, मग ‘आत्ताच दिली दुसऱ्याला’. असं चार दारांवर झालं की पोरगं परत फिरतं. ज्या संस्थेला तुम्ही वर्षाला पाच हजार देता, तिचाच मुलगा तुमच्या दारात उभा असू शकतो. त्याला खोली द्या. नेहमीच्या भाडेकरूकडून घेता तेवढंच भाडं घ्या, त्याच अटी घाला. तुमचं दुकान, गॅरेज, हॉस्पिटल असेल तर एकाला कामावर घ्या आणि इतरांइतकाच पगार द्या. उपकार केल्यासारखं बोलू नका.

आता मोजणीचं. विमुक्त-भटक्यांसाठी नेमलेल्या बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगानं २००८ मध्ये केंद्राला अहवाल दिला. देशात या समाजांची माणसं दहा कोटींहून जास्त असावीत, असा त्याचा अंदाज होता. अंदाजच, कारण नीट मोजणी कधी झालेली नाही. २०२७ च्या जनगणनेत जातींची नोंद होणार आहे. प्रगणक तुमच्या घरी आले की त्यांना सांगा, माळावर पालं आहेत, तिकडेही जा. जमल्यास बरोबर चालत जा.

शेवटची गोष्ट ग्रामसभेची. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. तिथे पालातली माणसं येत नाहीत. आली तरी मागे उभी राहतात. येत्या ग्रामसभेत तुम्ही उठा आणि दोनच विषय मांडा. एक, माळावर पाण्याचा नळ. दुसरा, पालात माणूस दगावला तर त्याला माती द्यायला जागा. कित्येक गावांत या लोकांना मयत घेऊन हिंडावं लागतं, आणि शेवटी रात्री ओढ्याकाठी कुठेतरी पुरावं लागतं. गायरानातली दोन गुंठे जागा त्यासाठी मागा. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, त्याची प्रत घ्या, आणि तहसीलदारांकडे तुम्ही स्वतः नेऊन द्या.